सपोर्ट पर्सन (ठाणे–नवी मुंबई)

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातील पीडित बालकाला आणि त्याच्या घरच्यांना तपास, खटला आणि भरपाई या सगळ्या वाटेवर सोबत करण्यासाठी बाल कल्याण समितीने नेमलेली व्यक्ती म्हणजे सपोर्ट पर्सन. मराठीत तिला साहाय्यक व्यक्ती म्हणता येते, पण पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत इंग्रजी नावच रुळले आहे; मुले 'ताई' म्हणून मोकळी होतात. परदेशात अशा कामाला 'व्हिक्टिम अ‍ॅडव्होकेट' म्हणतात. आपल्याकडे अ‍ॅडव्होकेट म्हटले की काळा कोट आणि फी डोळ्यांपुढे येते, त्यामुळे पहिल्याच भेटीत 'मी वकील नाही, मला पैसे द्यायचे नाहीत' हे दोन-दोनदा सांगावे लागते.

या पदाला आधार आहे तो २०१२ च्या पॉक्सो कायद्याचा, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा, आणि त्याखालील २०२० च्या नियमांचा. गुन्ह्याची खबर मिळाल्यावर पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवायचे असते. समिती मग मूल आणि पालक यांच्या संमतीने बालहक्क संस्थेतली, बालगृहातली किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडची व्यक्ती नेमते आणि खटला संपेपर्यंत तिच्याकडून दर महिन्याला अहवाल मागवते. मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावे, असे नियम सांगतो. अशी मदत मिळते हे पालकांना प्रत्येक प्रकरणात सांगितलेच पाहिजे, ते त्यांच्या माहितीवर किंवा मर्जीवर सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले.

नेमणुकीचा हा क्रम नीट पाहिला तर त्यातली फट दिसते. सपोर्ट पर्सन येते ती गुन्हा नोंदल्यानंतर. फिर्याद घेतली जाण्याआधीच्या तासांत, म्हणजे आईवडील पोलीस ठाण्याच्या बाकावर ताटकळत असतात तेव्हा, कायद्याने नेमलेले असे कुणी त्यांच्या शेजारी नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात फिर्याद नोंदवायला झालेल्या उशिराने लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या उशिराच्या काळात कुटुंबाला कुणाचा आधार होता, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

या कामाचा कणा एका न विचारण्यात आहे. 'काय झालं?' हा प्रश्न मुलाला आई विचारते, मग शेजारीण, महिला अधिकारी, डॉक्टर, मॅजिस्ट्रेट आणि शेवटी कोर्ट. सपोर्ट पर्सनने तो विचारायचा नसतो. मूल आपणहून बोलले तर ऐकायचे, खोदायचे नाही. यामागे माया आहे तसा व्यवहारही आहे. तिने घटना तपशिलात विचारून वहीत टिपली, तर बचाव पक्ष मुलाला 'पढवलेला साक्षीदार' म्हणायला मोकळा होतो आणि उद्या तिलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले जाऊ शकते. म्हणून तिच्या वहीत घटना सोडून बाकी सगळे असते: मूल रात्री झोपते का, शाळेत जाते का, आरोपीच्या घरचे कुणी चाळीत येऊन गेले का, पुढची तारीख कधी.

ठाणे परिसरात या कामाचा भूगोल स्वतंत्रपणे शिकावा लागतो. ठाणे पोलीस आयुक्तालय भिवंडी, कल्याण, उल्हासनगर ते बदलापूरपर्यंत पसरलेले, तर शहापूर-मुरबाड ग्रामीण पोलिसांकडे. नवी मुंबईत गुंता अधिक. आयुक्तालय एक, पण वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर-पनवेल रायगडात. त्यामुळे एकाच आयुक्तालयातल्या दोन मुलींपैकी एकीचा भरपाईचा अर्ज ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो आणि दुसरीचा अलिबागला. बेलापूरच्या खाडीपलीकडे घर बदललेल्या कुटुंबाला हे समजावून सांगताना नवी ताईसुद्धा गोंधळते.

कोर्टाचा दिवस हा या कामातला सर्वांत जड दिवस. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर मुलाला घेऊन पोहोचायचे ते बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या खटल्यांची यादी, लागायच्या आधी. त्याआधी एकदा, तारीख नसताना, रिकामी खोली दाखवून आणलेली बरी: हे जज बसतात, हे लिहून घेतात, तू इथे असशील आणि तो माणूस तुला दिसणार नाही. कायद्याप्रमाणे सुनावणी बंद खोलीत होते, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात, मधे विश्रांती द्यायची असते, आरोपी मुलाच्या नजरेस पडू द्यायचा नसतो. पडद्याआड आरोपी दिसत नाही हे खरे, पण खोलीबाहेरच्या पॅसेजला पडदा नसतो. तिथे त्याची आई, भाऊ, वस्तीतली चार माणसे उभी असतात आणि मूल त्यातल्या प्रत्येकाला ओळखते, कारण बहुतेक वेळा आरोपी अनोळखी नसतोच. अनुभवी ताई म्हणूनच कुठल्या जिन्याने वर न्यायचे हे आधी बघून ठेवते. पिशवीत पाण्याची बाटली, पारले-जी, खडू, कपड्यांचा एक जादा जोड आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स. एवढे करून दुपारी कळते की आरोपीला आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही, पुढची तारीख. जुन्या किल्ल्यातले ठाणे कारागृह कोर्टाच्या जवळच आहे, पण बंदोबस्त नसेल तर ते अंतरही ओलांडले जात नाही. कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षात खटला पूर्ण, असे कायदा म्हणतो. पुस्तकात म्हणतो.

भाषेचा प्रश्न इथे फार सूक्ष्मपणे चावतो. भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीतले मूल भोजपुरी किंवा उर्दू वळणाच्या हिंदीत बोलते, शहापूरच्या पाड्यावरचे कातकरी किंवा ठाकरी बोलीत. जबाब मात्र पोलिसी मराठीत उतरतो. मूल म्हणते 'सू करायची जागा', कागदावर येते 'गुप्तांग'. दोन वर्षांनी उलटतपासात तोच शब्द समोर आला की मूल म्हणते, 'मी असं नव्हतं बोललो', आणि नोंद होते विसंगतीची. नियमांत दुभाषा आणि विशेष शिक्षक यांची तरतूद आहे. ती वेळेवर मागणे आणि मुलाचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या असा आग्रह जबाबाच्या वेळीच धरणे, हे काम सपोर्ट पर्सनने केले तर होते.

पैशांच्या बाबतीत दोन वाटा आहेत. अन्न, कपडे, प्रवास यांसाठी समिती तातडीच्या मदतीची शिफारस करू शकते. विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकते. शिवाय राज्याची मनोधैर्य योजना आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मदतीची कमाल मर्यादा पुढे १० लाखांपर्यंत गेली आणि अंमलबजावणी विधी सेवा प्राधिकरणाकडे आली. अर्ज अडतो तो बहुधा मुलाच्या नावाच्या बँक खात्यावर. खाते नाही, आणि खाते उघडायला गेले तर काउंटरवर सर्वांसमोर विचारतात, 'पैसे कशाचे येणार आहेत?' पीडिताची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, हे त्या काउंटरवर हळू आवाजात सांगायचे कामही ताईचेच.

मिटवून टाकण्याचा दबाव हा खटल्याचा खरा शत्रू. तो धमकीच्या रूपाने येतो तसा लग्नकार्याच्या आमंत्रणातूनही येतो. आरोपी मामा असेल, घरमालक असेल किंवा घरात कमावणारा तोच एक असेल, तर आई साक्षीच्या आदल्या दिवशी फोन उचलत नाही. साक्षीत आधीचा जबाब फिरवला तर कोर्टात त्याला फितूर होणे म्हणतात. शब्द कठोर आहे आणि आईच्या बाबतीत बऱ्याचदा अन्यायकारकही. सपोर्ट पर्सन तिला साक्ष द्यायला भाग पाडू शकत नाही. दबाव आल्याचे ती समितीला आणि कोर्टाला कळवू शकते, भाडे थकले असेल तर वाट काढू शकते.

प्रौढ स्त्रियांसाठी मात्र कायद्याने नेमलेली अशी सोबत नाही. त्यांना भेटतात ते विशेष कक्षातले समाजकार्यकर्ते, संरक्षण अधिकारी, सखी केंद्र किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवरचा आवाज. पोलिसांच्या आवारात बसणाऱ्या समाजकार्यकर्त्यांची ही पद्धत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केली आणि पुढे राज्यभर गेली. मूल अठराचे झाले तरी पॉक्सोतला खटला चालूच राहतो. पण अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर घडलेल्या गुन्ह्यातल्या मुलीला ही ताई मिळत नाही.

निकालानंतर मासिक अहवाल थांबतो, काम थांबत नाही. आरोपी अपिलात जातो, जामीन मागतो; अशा अर्जाची माहिती पीडिताच्या कुटुंबाला मिळालीच पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. नोटीस येते ती इंग्रजीत, जुन्या पत्त्यावर. घरमालक तिचा फोटो काढून आईच्या मोबाइलवर पाठवतो आणि आई तो पुढे ढकलते, खाली फक्त इतकेच लिहून: 'ताई हे काय आहे'.