पागानिनीची एकच तार

29 मार्च 1828, व्हिएन्ना. तीनच दिवस आधी याच शहरात संगीतकार शूबर्टने फक्त स्वतःच्या रचनांची मैफल केली होती, आयुष्यातली अशी एकमेव, पण तिची कुणी फारशी दखलच घेतली नाही कारण सगळं गाव इटालियन व्हायोलिनवादक निकोलो पागानिनी येणार म्हणून वेडं झालं होतं. शूबर्ट पण गेला त्याला ऐकायला.

हाडं-काडं झालेला, लांब केसांचा, काळ्या कपड्यातला माणूस, आणि त्याच्या व्हायोलिनमधून असे आवाज यायचे की लोक सरळ म्हणायला लागले याने सैतानाशी सौदा केलाय. हे नुसतं गॉसिप नव्हतं हं, 1840 मध्ये तो नीसला वारला तेव्हा तिथल्या बिशपनी चर्चच्या जमिनीत पुरायलाही परवानगी दिली नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जे लोकांना सैतानी वाटलं ते सगळं तारेत होतं आणि त्याने ते वर्षानुवर्षं रियाज करून शोधलं होतं.

त्याचा सगळ्यात गाजलेला आयटम म्हणजे रोसिनीच्या 'मोझेस' या ऑपेरातल्या सुरावटीवरची फँटसी (मोकळ्या ढंगाची रचना), अख्खी एकाच तारेवर, सगळ्यात जाड खर्जाच्या. तेव्हाच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या, या खर्जाच्या तारेवर वरून धातूची बारीक तार गुंडाळलेली. आजच्या हिशोबाने ही तार सेकंदाला 196 कंपनं करते, पण या पीससाठी तो ती दीड सूर चढवून घ्यायचा, म्हणजे साधारण 233. आता तारेचा नियम असा आहे की कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, त्यामुळे एवढ्याशा चढवण्यासाठी ताण जवळपास 41 टक्के वाढतो! तार तुटायच्या जवळ जाते पण आवाज एकदम झगझगीत होतो. त्याच्या पहिल्या कॉन्चेर्टोतही (एक वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) हीच युक्ती, चारही तारा अर्धा सूर चढवलेल्या (ताण 12 टक्के जास्त), ऑर्केस्ट्रा ई-फ्लॅट स्केलमध्ये आणि याची बोटं मात्र अर्धा सूर खालच्या डी मेजर स्केलची. त्यामुळे याला मोकळ्या (बोट न दाबलेल्या) तारा खणखणीत वाजवता येतात, ऑर्केस्ट्राच्या व्हायोलिनवाल्यांना त्या स्केलमध्ये मोकळ्या तारा कमीच मिळतात, म्हणून तो सगळ्यांच्या वरून ऐकू येणार हे स्टेजवर यायच्या आधीच ठरलेलं.

आणि ते शिट्टीसारखे सूर. तारेच्या बरोब्बर मध्यावर बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, मग तार दोन अर्ध्या भागांत हलते आणि सूर एक सप्तक वर जातो. पागानिनी पहिलं बोट घट्ट दाबून करंगळी उरलेल्या तारेच्या चौथ्या हिश्श्यावर टेकवायचा, सूर थेट दोन सप्तकं वर! हे तो दोन तारांवर एकदम करायचा, चारही बोटं गुंतलेली, मिलिमीटर चुकला की नुसती खरखर. त्याचे सांधे विलक्षण लवचिक होते असं त्याला तपासणाऱ्या डॉ. बेनाती यांनी 1831 मध्येच लिहून ठेवलंय. पुढे 1978 मध्ये एका अमेरिकन डॉक्टरने मार्फान सिंड्रोमचा (बोटं लांब आणि सांधे सैल होणारा जन्मजात विकार) अंदाज मांडला, पण माझ्या मते नुसत्या लवचिक बोटांनी हे होत नाही, कानही तसाच लागतो.

उजव्या हातात काय चाललंय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. राळ लावलेला गज तारेला चिकटवून ओढत नेतो, मग तार सटकते, परत चिकटते, आणि हे प्रत्येक कंपनात एकदा, म्हणजे सेकंदाला शेकडो वेळा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने खास मायक्रोस्कोपमधून हे बघितलं, त्याचं पुस्तक 1863 चं, पागानिनी जाऊन 23 वर्षं झाली होती. मग 1918 मध्ये आपल्या सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात याची पूर्ण थिअरी मांडली, आणि नंतर मशीनने व्हायोलिन वाजवून गज किती दाबावा लागतो तेही मोजलं. दाब कमी पडला तर सूर फाटतो, जास्त झाला तर घरघर, आणि गज घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी तुकड्याच्या) जवळ नेला की दाब वाढवावा लागतो. आता बोटं तारेवर वर वर सरकली की हलणारी तार वीतभरसुद्धा उरत नाही, गजाला जागा मिळते ती फक्त घोडीलगतची, आणि पागानिनी मोझेसचे सगळ्यात उंच सूर नेमके तिथे काढायचा, खर्जाच्या जाड तारेवर, खचाखच भरलेल्या हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील असे.