शाळेतला छळ आणि बघत उभी राहिलेली पोरं

पीटीएच्या (शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या) मीटिंगमध्ये बुलिंगचा, म्हणजे छळाचा, विषय निघाला की बोलणं नेहमी दोन मुलांवर येऊन थांबतं. कोणी त्रास दिला आणि कोणाला दिला, मग एकाच्या आईवडलांना बोलावून घ्यायचं, दुसऱ्याला सांगायचं की तू लक्ष देऊ नको, आणि पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये सगळ्यांना बसवून कोणाचं तरी लेक्चर ठेवायचं. हे करणाऱ्या टीचरांची तळमळ खरी असते, त्यात शंका नाही. पण या विषयावर गेल्या पन्नासेक वर्षांत जे संशोधन झालंय ते वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, की छळ थांबवायचा तर त्या दोघांइतकंच, खरं तर त्याहून जास्त, आजूबाजूला उभ्या असलेल्या पोरांवर काम करावं लागतं. आपल्याकडे गोव्यात नेमकं तेच राहून जातं असं मला वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आधी छळ कशाला म्हणायचं ते. पोरं भांडतात, एकमेकांना चिडवतात, संध्याकाळी परत एकत्र खेळतात, तो छळ नव्हे. डान ओल्वेउस हे मूळचे स्वीडनचे पण बहुतेक काम नॉर्वेत केलेले मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९७० च्या दशकापासून शाळांमध्ये याचा अभ्यास केला आणि तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, परत परत दिलेला असतो, आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. ही तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची, आणि ताकद म्हणजे फक्त अंगातली नव्हे. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी शाळेत शिकलेलं पोर पाचवीत इंग्लिश मीडियमला जातं, तेव्हा ज्याला इंग्लिश फाडफाड येतं त्याच्या हातात आपोआप ताकद येते, उत्तर देताना कोणी अडखळला की मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज येतो आणि मग ते वर्षभर चालतं. कोणाचे आईवडील कामासाठी बाहेरून आलेले, त्याला 'घाटी' म्हणायचं. कोणी जाड, कोणी काळी, कोणाचा आवाज बारीक म्हणून तो 'बायलो'. युनेस्कोने २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांची आकडेवारी एकत्र मांडली तेव्हा ३२ टक्के मुलांना, म्हणजे जवळपास तिघांतल्या एकाला, मागच्या महिन्याभरात एकदा तरी शाळेत असा त्रास झालेला होता, आणि दिसण्यावरून चिडवणं हे कारण सगळ्यात वर होतं.

ताकदीत फरक असतो म्हणूनच 'दोघांनी समोरासमोर बसून मिटवून टाका' हा उपाय इथे चालत नाही. भांडणात चालेल, पण छळात त्या खोलीतसुद्धा एक जण घाबरलेला असतो आणि दुसऱ्याला ते माहीत असतं.

आणि 'लक्ष देऊ नको' हे तर शरीरालाच जमत नाही. २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला, त्यात माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून कॉम्प्युटरवर चेंडू टाकण्याचा साधा खेळ खेळायला दिला, त्याला वाटत होतं आपल्याबरोबर आणखी दोघे खेळतायत, आणि थोड्या वेळाने त्या दोघांनी त्याच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. एवढंच. शिवी नाही, मारणं नाही. तरी मेंदूच्या पुढच्या भागातला सिंग्युलेट कॉर्टेक्सचा एक पट्टा, जो शरीराला दुखतं तेव्हा होणाऱ्या त्रासाशी जोडलेला आहे, तो जास्त काम करताना दिसला, आणि ज्याला जास्त वाईट वाटलं त्याच्यात जास्त दिसला. हा पट्टा मेंदूत बाकीचीही कामं करतो त्यामुळे 'एकटं पाडणं म्हणजे फटका मारणंच' असा सरळ अर्थ काढू नये, पण ग्रुपमधून काढून टाकणं, रिसेसला डबा खायला बाजूला बसू न देणं, हे 'काहीच तर केलं नाही' या खात्यात टाकता येत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा केलाय, त्यातल्या ज्यांना सात आणि अकरा वर्षांच्या वयात वारंवार त्रास झाला होता त्यांच्यात पन्नाशीतसुद्धा डिप्रेशनचं प्रमाण जास्त निघालं.

आता बघणाऱ्यांकडे येते. कॅनडात टोरांटोमधल्या शाळांच्या मैदानावर डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिडिओ कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून प्रत्यक्ष काय घडतं ते रेकॉर्ड केलं. छळाच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. ती निम्म्याहून जास्त वेळ नुसती बघत होती, आणि एकूण प्रसंगांपैकी पाचातल्या एकातच कोणी मध्ये पडलं. पण जेव्हा कोणी मध्ये पडलं, तेव्हा ५७ टक्के वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! टीचरला बोलवायला जाऊन परत येईपर्यंत याच्या कितीतरी पट वेळ जातो.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये वर्गातल्या प्रत्येकाचं काम काय असतं ते वेगळं करून दाखवलं. एक त्रास देणारा असतो, एकदोघे त्याला हातभार लावणारे, काही जण हसून चढवणारे, काही जण मान फिरवून बाजूला होणारे, आणि थोडे बाजू घेणारे. हसून चढवणाऱ्यांवर माझं लक्ष सगळ्यात जास्त जातं, कारण ते घरी अगदी चांगली मुलं असतात, त्यांना कोणी विचारलं तर खरंच म्हणतील की मी काहीच केलं नाही. पण त्रास देणाऱ्याला पाहिजे असतो तो वर्गातला भाव, आणि तो भाव त्या हसण्यातून मिळतो. याच संशोधनावर तुर्कू विद्यापीठात 'किव्हा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो फिनलंडभर शाळांत गेला, त्यात भर वर्गाच्या वागण्यावर आहे. मात्र तिकडच्याच अभ्यासांनी एक इशाराही दिलाय. वर्गातला छळ कमी झाला तरी ज्या एकदोन मुलांचा चालूच राहतो त्यांचे हाल आधीपेक्षा वाईट होऊ शकतात, कारण आता त्यांना वाटतं की सगळ्यांचं ठीक आहे, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे. म्हणजे आमच्या शाळेत बुलिंग कमी झालं म्हणून खुश होताना उरलेलं ते एक पोर शोधायला पाहिजे.

मग बघणारी पोरं गप्प का बसतात? भीती हे एक कारण. दुसरं असं की प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना हे चालतंय. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या शाळांमध्ये विचारून बघितलं तर बहुतेक मुलं स्वतः छळाच्या विरोधात होती, पण इतर मुलांचा छळाला पाठिंबा आहे असं त्यांना प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटत होतं. त्याच शाळेच्या सर्व्हेचे खरे आकडे पोस्टरवर लावले तेव्हा हा गैरसमज आणि छळ दोन्ही कमी झाले. हे आपल्या कुठल्याही हायस्कूलला करता येण्यासारखं आहे, निनावी कागद, पाच प्रश्न आणि नोटीस बोर्ड.

त्याच राज्यात एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी ५६ शाळा आणि २४ हजारांवर मुलं घेऊन मोठा प्रयोग केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या मुलांना विचारलं, तू कोणाबरोबर वेळ घालवतोस? त्यातून कोणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं ते कळलं. मग त्यातल्या काही शाळांत थोड्याच मुलांना घेऊन त्यांना सांगितलं की आपल्या शाळेत काय चुकतंय ते तुम्हीच ठरवा आणि उघडपणे त्याविरुद्ध उभे राहा, कोणी चांगलं वागताना दिसलं की त्याला नारिंगी रिस्टबँड द्या वगैरे. मोठ्यांनी भाषण लिहून दिलं नाही. वर्षभरात शिस्तभंगाच्या नोंदींमधली भांडणं इतर शाळांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी झाली, आणि जिथे त्या छोट्या गटात सगळ्यांचं लक्ष असलेली मुलं जास्त होती तिथे जास्त फरक पडला. आपण अशा कामाला नेहमी पहिल्या नंबरची, टीचरची लाडकी मुलं निवडतो. ज्याच्याभोवती रिसेसला गर्दी असते तो कधी कधी मस्ती करणारा फुटबॉलवाला असतो, त्याला निवडायला हिंमत लागते.

आता छळ जिथे होतो त्या जागा. न्यूयॉर्कमध्ये नॅन स्टाइन आणि ब्रूस टेलर यांनी ३० मिडल स्कूलमध्ये लैंगिक त्रास आणि डेटिंगमधली मारहाण यावर काम केलं. काही शाळांत फक्त वर्गातले धडे घेतले, काही शाळांत इमारतीवर काम केलं, काहींत दोन्ही. इमारतीवर काम म्हणजे मुलांना शाळेचा नकाशा देऊन भीती वाटते त्या जागा रंगवायला लावल्या, आणि तिथे मोठ्या माणसांची ये-जा वाढवली, पोस्टर लावले, तक्रार झाली की त्या दोघांनी कुठे यायचं-जायचं हे लिहून ठरवून दिलं. नुसत्या धड्यांचा फारसा उपयोग झाला नाही. इमारतीवरच्या कामाने मुलांमधला लैंगिक त्रास कमी झाला. आपल्या पोरांना असा नकाशा दिला तर ती काय रंगवतील? टॉयलेटचा पॅसेज, जिन्याखालची जागा, मैदानाची मागची बाजू, बालरथच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, शेवटच्या सीटा, कदंबाच्या स्टँडवरचा तो कोपरा जिथे शाळा सुटल्यावर बसची वाट बघत अर्धा तास काढावा लागतो. बालरथमध्ये ड्रायव्हर आणि अटेंडंट असतात पण या विषयावर त्यांच्याशी कोणी बोलतं का? मला वाटतं त्यांना पीटीएच्या मीटिंगला बसवायला पाहिजे, कारण रोज सकाळ-संध्याकाळ ते जे बघतात ते आपण कोणीच बघत नाही.

आपल्या जवळचं एक उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. 'संगत' ही संस्था १९९६ मध्ये गोव्यात सुरू झाली, विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी हायस्कूलमध्ये 'सेहर' नावाचा प्रयोग केला, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ ला तो आला. तिथे शाळेत तक्रारीची आणि मनातलं लिहायची पेटी, भिंतीवरचं मासिक, छळाविरुद्धचे नियम, मुलांच्या स्पर्धा, आणि ज्याला गरज त्याच्याशी एकट्याने बोलणं, असं सगळं एकत्र होतं. काही शाळांत हे काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिलं, काही शाळांत बाहेरच्या एका साध्या ट्रेनिंग दिलेल्या माणसाकडे, जो मानसशास्त्रातला तज्ज्ञ नव्हता. बाहेरच्या माणसाच्या शाळांत वातावरण सुधारलं, छळ कमी झाला, डिप्रेशनची लक्षणं कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. मी हे शिक्षकांना दोष म्हणून वाचत नाही, पोर्शन, पेपर, इलेक्शन ड्यूटी, सगळं त्यांच्या डोक्यावर, आणि जो मार्क देतो त्याच्याकडे जाऊन मनातलं सांगणं पोरांना अवघडच. गोव्यात शाळांना काउन्सेलर मिळालेत ही चांगली गोष्ट, पण एकाच काउन्सेलरकडे एकापेक्षा जास्त शाळा असल्या की ज्या दिवशी पोराला बोलायचं असतं त्या दिवशी मॅडम दुसऱ्या गावात असतात. रोज शाळेत असणारा एक माणूस, हीच माझी मागणी आहे.

हायर सेकंडरीला गेल्यावर हाच छळ वेगळ्या रूपात येतो. डोरोथी एस्पेलाज यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं की लहानपणी दादागिरी करणारी आणि 'बायलो'सारखे शब्द वापरणारी मुलं पुढे लैंगिक त्रास देण्याची शक्यता जास्त. गोव्यातच २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला पटेल आणि अँड्र्यू यांचा अभ्यास आहे, अकरावीच्या ८११ मुलामुलींचा, त्यात सुमारे एक तृतीयांश जणांनी मागच्या वर्षभरात कुठल्यातरी प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणारे बहुतेक वेळा मित्र किंवा मोठ्या वर्गातली मुलं होती. मुलगे पण त्यात होते, हे आपण विसरतो.

आता त्यात फोन आला. पासवर्ड दे, लोकेशन चालू ठेव, त्याला अनफॉलो कर, रिप्लाय का नाही दिला, आणि ब्रेकअप झालं की फोटो पाठवीन. सुरुवातीला हे प्रेमच वाटतं, काळजी वाटते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९९० च्या दशकात 'सेफ डेट्स' हा कार्यक्रम १४ शाळांत आठवी-नववीच्या मुलांना दिला होता, नाटक, वर्गातले दहा पिरियड, पोस्टर स्पर्धा, आणि चार वर्षांनीही त्या मुलांमध्ये जोडीदाराला मारहाण कमी दिसली. म्हणजे हे शिकवायचं ते कोणी कोणाबरोबर फिरायला लागण्याच्या आधी. दुसरा मार्ग कोचचा. अमेरिकेतच सॅक्रामेंटोच्या १६ हायस्कूलमध्ये खेळाच्या कोचनी दर आठवड्याला थोडा वेळ मुलींशी आदराने वागण्यावर टीमशी बोलायचं ठरवलं, तर ती मुलं मित्र चुकीचं वागताना दिसला की जास्त वेळा मध्ये पडायला लागली, आणि मुंबईत हेच 'परिवर्तन' नावाने क्रिकेटच्या कोचबरोबर केलं गेलं. आपल्याकडे फुटबॉलचा कोच हा कितीतरी पोरांसाठी बापाइतका मोठा माणूस असतो, त्याला कोणी हे काम सांगितलंय का?

फोटोची धमकी आली असेल तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे, त्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्या फोटोची आकड्यांची एक खूण तयार होते आणि सहभागी सोशल मीडिया कंपन्या त्या खुणेवरून फोटो शोधून काढतात. चाइल्ड हेल्पलाइन १०९८. गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा आहे आणि देशाचा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, आणि पोक्सोखालचा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे, त्यामुळे शाळेचं नाव खराब होईल म्हणून आतल्या आत मिटवणं हा पर्याय शाळेकडे नाहीच. पोराला मात्र 'मी कोणालाच सांगणार नाही' असं वचन आधी देऊ नका, 'तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही' असंही नको, पुढे काय होईल ते खरं सांगा.

अमेरिकेत स्टॅन डेव्हिस आणि शारिस निक्सन यांनी तेरा हजारांवर मुलांना विचारलं होतं की तुला त्रास झाला तेव्हा कशाने बरं वाटलं आणि कशाने आणखी बिघडलं. इतर मुलांनी येऊन बाजूला बसणं, घरी फोन करणं, तिथून दुसरीकडे घेऊन जाणं, हे सगळ्यात वर होतं, त्रास देणाऱ्याला समोर जाऊन झापणं हे त्यामानाने खाली. हे मी आमच्या मुलांना मुद्दाम सांगते, कारण मध्ये पडायचं म्हणजे मारामारी करायची असं त्यांना वाटतं आणि म्हणून ती मागे राहतात. मोठ्यांकडून बिघडवणाऱ्या गोष्टी कुठल्या? 'तुझं तू बघ', 'तू वेगळा वागला असतास तर झालं नसतं', 'चहाड्या करू नको'. आणि उपयोगी पडलेल्या गोष्टी दोन, नीट ऐकून घेणं, आणि काही दिवसांनी स्वतःहून परत विचारणं की आता थांबलंय का. हे दुसरं विचारणं कोणी करायचं, कुठल्या तारखेला, ते तक्रारीच्या कागदावरच लिहून ठेवायला शाळेला एक रकाना पुरेल.