आईबाबा व्हायची तयारी नक्की होते कशी?

प्राणीसंग्रहालयात वाढलेल्या गोरिला मादीला पहिलं पिल्लू झालं की कधीकधी तिला ते धरायचं कसं हेच कळत नाही, उलटं धरते नाहीतर सरळ बाजूला ठेवून देते, कारण दुसऱ्या कुठल्या मादीला पिल्लू वाढवताना तिने कधी बघितलेलंच नसतं. मग तिथले कर्मचारी बाहुली देऊन तिला शिकवतात! आईपण उपजत असतं असं आपण बिनधास्त म्हणून टाकतो, पण त्यातलं बरंचसं बघून आणि हाताळून येतं. आणि आता लहान कुटुंबांमुळे कित्येक माणसं आयुष्यात पहिल्यांदा तान्हं बाळ हातात घेतात ते थेट स्वतःचंच.

सारा हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं असं की माणसाचं मूल एकट्या आईने वाढवायचं कधी नव्हतंच. चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लाला सहसा कुणाला हात लावू देत नाही, उलट काँगोच्या जंगलातल्या एफे लोकांमध्ये बाळ जन्मल्यापासूनच अनेक बायकांच्या हातात फिरत असतं. आपली मुलं स्वावलंबी व्हायला वर्षानुवर्षं घेतात आणि आधीचं मूल हाताशी यायच्या आत पुढचं होतं, म्हणजे मदतनीस नसतील तर हे गणित जमणारच नाही.

मग आजकाल समाज काय करतो, तर माहिती देतो. क्लास, पुस्तिका, व्हिडिओ. माहिती वाईट नाही हो, पण तिच्यावर किती भरवसा ठेवायचा? पश्चिम ऑस्ट्रेलियात १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलींना रडणारी इलेक्ट्रॉनिक बाहुली घरी सांभाळायला दिली, हेतू हा की मूल सांभाळणं किती अवघड ते कळावं आणि लहान वयातली गरोदरपणं कमी व्हावीत. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला तर बाहुलीवाल्या गटातच गरोदरपणाचं प्रमाण जास्त निघालं. असं का झालं यावर तर्क बरेच आहेत, पण वरून छान दिसणारी योजनासुद्धा तपासून बघावी लागते एवढं नक्की.

याच्या उलट नेदरलँड्सची ‘क्रामझोर्ख’ पद्धत बघा. बाळंतपणानंतरचे पहिले आठ-दहा दिवस एक प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते, खर्च बहुतांशी आरोग्य विम्यातून. ती आईचे टाके बघते, बाळाचं वजन आणि ताप तपासते, दूध नीट ओढत नसेल तर शेजारी बसून बाळाचं तोंड कसं लावायचं ते दाखवते, बाळाची आंघोळ बाबाकडून करवून घेते, आणि मधल्या वेळात कपडेही धुवून टाकते. भाषण नाही, आपल्याच घरात आपल्याच बाळावर प्रॅक्टिस. मला विचाराल तर सगळ्यात शहाणी योजना हीच.

फिनलंडचा बेबी बॉक्स जास्त फेमस आहे, फोटो छान येतात ना. कपडे, दुपटी, तळाला गादी, त्या खोक्यातच बाळाला झोपवताही येतं. १९३८ मध्ये गरीब आयांसाठी सुरू झाला, १९४९ पासून सगळ्यांना मिळतो. पण खरी गोम अटीत आहे: गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत डॉक्टर किंवा क्लिनिककडे तपासणी झालेली पाहिजे. म्हणजे खोक्याच्या निमित्ताने बाई वेळेत तपासणीला येते.

बाबांचं काय? फिलिपिन्समधल्या ६२४ तरुणांचा पाठपुरावा केला तेव्हा बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, चांगलंच उतरलेलं दिसलं, आणि रोज तीन किंवा जास्त तास मुलासोबत घालवणाऱ्यांचं त्यातही कमी, म्हणजे शरीरसुद्धा बापपणाशी जुळवून घेत असतं. पण त्यासाठी वेळ मिळायला हवा. स्वीडनने १९७४ मध्येच रजा आईबाबा दोघांना खुली केली, तरी बाबा लोक फारसे फिरकले नाहीत, मग १९९५ ला एक महिना ‘घेतला नाही तर गेला’ असा राखीव ठेवला आणि चित्र बदललं, आता असे प्रत्येकी ९० दिवस आहेत. नुसती परवानगी पुरली नाही, कारण ऑफिसात पहिला रजा मागणारा कोण होणार!

बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी १९८७ पासून एडिनबरोची दहा प्रश्नांची साधी चाचणी आहे, पाच मिनिटांत होते. ती भरून घेणं सोपं, पण स्कोर जास्त आलेल्या आईला पुढे कुणाकडे पाठवायचं याची सोय बऱ्याच ठिकाणी नसते, मग तो कागद फाईलमध्ये पडून राहतो.