तलफ बिडीची, घोळ चहाचा

बिडी-सिगरेट सोडलेल्या कोणालाही विचारा, तलफ सगळ्यात जोरात कधी येते, उत्तर बहुतेक वेळा एकच, चहा घेतला की. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकला तरी आपला चहा सुटत नाही, आणि चहा आला की शेजारचा म्हणतोच, "घे ना भो, एकानी काय होतं!"

झुरका मारला की तंबाखूतलं नशेचं रसायन, निकोटिन, १० ते २० सेकंदात मेंदूत पोचतं, तिथल्या रिसेप्टरवर (ते जिथं चिकटतं त्या जागांवर) बसतं, डोपामिन हे आनंद देणारं रसायन सुटतं, बरं वाटतं. हे रोज चालू राहिलं की मेंदू असे रिसेप्टर वाढवूनच ठेवतो. रक्तातलं निकोटिन साधारण २ तासात निम्म्यावर येतं, मग परत मागणी सुरू. सोडल्यावर पहिले २-३ दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, कशात लक्ष नाही, नंतर ३-४ आठवड्यात बराचसा जोर ओसरतो. टपरीवर उभं राहिलं की हात खिशात जायची सवय मात्र त्यापेक्षा चिवट. तरी एकेक तलफ ५-१० मिनिटांचीच असते, तेवढा वेळ तिथून उठून चक्कर मारून आलं तरी निघून जाते.

आता चहाची खरी गंमत. धुरातली काही रसायनं (निकोटिन नाही बरं का) कॅफिन (चहातलं तरतरी आणणारं द्रव्य) मोडणारं लिव्हरमधलं एन्झाइम वाढवून ठेवतात. धूर बंद झाला की काही दिवसात ते खाली येतं आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट साठायला लागतं. मग छातीत धडधड, रात्री झोप नाही, आणि माणूस म्हणतो बिडी सोडल्यामुळेच होतंय हे सगळं, नकोच ते, आण एक. म्हणून सोडायच्या आठवड्यात चहा निम्मा करा, हे कोणी सांगतच नाही.

बिडीची तलफ भागवायला मेडिकलवर निकोटिनची गम मिळते, तिथंही चहा आडवा येतोच. तंबाखूत चुना का मळतात, तर चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून पटकन शोषलं जातं. गममध्येही त्याच कामासाठी सौम्य अल्कली (चुन्यासारखंच, आंबटाच्या उलट गुणाचं) घातलेलं असतं. गम चघळायच्या आधी १५ मिनिटं किंवा चघळताना चहा, ताक, लिंबू सरबत काही घेतलं की आंबटपणा वाढतो, निकोटिन पोटात जातं आणि फुकट मळमळ. आणि लोक ती च्युइंगमसारखी कचाकचा चावतात, मग म्हणतात उपयोग नाही. हळू चावायची, तिखट झणका लागला की गालात दाबून ठेवायची, झणका गेला की परत चावायची. बिडी सोडून तंबाखू-चुन्यावर येणारेही आपल्याकडे कमी नाहीत, त्यांनी काहीच सोडलेलं नसतं.

हार्टचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर गम डॉक्टरला विचारूनच घ्यायची. सिगरेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर छापलेला असतो, सरकारी आहे, फोनला पैसे पडत नाहीत.