राखीव माउंट आणि दुर्मीळ माउंट: दोन डेथचार्जरांमधला फरक

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मंडळींमध्ये दर पावसाळ्यात एकच प्रश्न फिरून येतो: आपल्या क्लासचे, म्हणजे आपल्या पात्राच्या प्रकाराचे, राखीव माउंट (स्वारीचे जनावर) मिळवण्यासाठी एवढा वेळ घालवावा का? प्रश्न रास्त आहे. त्याला मिळणारे ठरीव उत्तर मात्र, "दुर्मीळ आहे ते, घेऊन ठेव," हे मुळातच चुकीचे आहे, आणि ते इतक्या खात्रीने दिले जाते की नव्याने खेळू लागलेली मुले त्यावर विसंबून आठवडेच्या आठवडे खर्ची घालतात. माउंट राखीव आहे की नाही हे त्यावर कोणी स्वार व्हायचे यावरून ठरते, तर ते दुर्मीळ आहे की नाही हे ते किती जणांच्या हाती लागते यावरून. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की वेळ घालवावा की नाही याचा हिशोबच चुकतो.

दुर्मीळ माउंट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून त्याबद्दल थोडक्यात सांगतो. आइसक्राउनमध्ये लिच किंग या खेळातल्या बड्या शत्रूला सर्वांत कठीण पातळीवर हरवले की इन्व्हिन्सिबल हा घोडा मिळू शकतो, आणि तो मिळण्याची शक्यता जवळपास शंभरात एक असते. एका पात्राला आठवड्यातून एकच संधी मिळते. एकही आठवडा न चुकवता वर्षभर प्रयत्न केला, तरी शंभरातल्या साधारण 59 जणांचे हात रिकामेच राहतात. मात्र तो मिळाला, की खात्यावरच्या कोणत्याही क्लासच्या पात्राला त्यावर बसता येते. दुर्मीळ माउंटाबद्दल एवढे पुरे.

खरी गल्लत ज्या जोडीने होते, ती जोडी एकाच नावाची आहे. या खेळात दोन डेथचार्जर आहेत. एक ॲकेरसचा आणि दुसरा रिव्हेंडेअरचा. दोन्ही मेलेले घोडे, दोन्ही काळपट, दोन्ही भुतासारखे. सवय नसलेल्या माणसाला ते एकाच पागेतले वाटतात. ॲकेरसचा डेथचार्जर फक्त डेथ नाइट या क्लासला मिळतो. 2008 साली रॅथ ऑफ द लिच किंग या विस्ताराबरोबर हा क्लास आला, तेव्हापासून त्याच्या सुरुवातीच्या कथेतच हा घोडा ठेवलेला आहे: छायालोकात जायचे, तिथल्या काळ्या स्वाराला मारायचे, त्याचा घोडा पळवून आणायचा आणि सालानार या घोडेस्वारासमोर उभा करायचा. नशिबाचा यात काडीचाही भाग नाही. ही कथा पूर्ण करणाऱ्या प्रत्येक डेथ नाइटकडे हा घोडा असतो. म्हणजे तो पूर्णपणे राखीव आहे, आणि दुर्मीळ तर अजिबात नाही.

रिव्हेंडेअरचा डेथचार्जर याच्या नेमका उलट आहे. स्ट्रॅथोम या जुन्या डंजनच्या (गटाने लढायच्या ठिकाणाच्या) शेवटी रिव्हेंडेअर हा शत्रू भेटतो, आणि त्याला मारल्यावर घोड्याचा लगाम मिळण्याची शक्यता आज जवळपास शंभरात एक आहे. या घोड्यावर क्लासचे कोणतेही बंधन नाही. पॅलाडिन असो, मेज असो, हंटर असो, ज्याला मिळाला त्याने बसावे. हा घोडा दुर्मीळ आहे, पण राखीव नाही.

माझा भाचा चिपळूणला असतो. मागच्या वर्षी जुलैत त्याने पहिल्यांदा डेथ नाइट घेतला आणि त्याच संध्याकाळी मला फोन केला. "मामा, डेथचार्जर मिळाला! लोक शंभर-शंभर फेऱ्या मारतात, मला पहिल्याच दिवशी मिळाला." त्याचा आनंद मोडायचे माझ्या जिवावर आले होते, पण त्याला ज्या घोड्याच्या गोष्टी ऐकवल्या गेल्या होत्या तो हा घोडा नव्हताच. "अरे, तो रिव्हेंडेअरचा," मी म्हणालो, "तुझा ॲकेरसचा आहे, तो सगळ्या डेथ नाइटांना मिळतो." एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. पण दोन दिवसांनी त्याच्या एका मित्राने, जो वर्षभर प्रीस्ट खेळत होता, केवळ त्या घोड्यासाठी नवा डेथ नाइट उघडला, एक अख्खा रविवार त्या कथेत घालवला, घोडा मिळवला, मग प्रीस्टमध्ये परत येऊन संग्रहाचे पान उघडले आणि घोड्याच्या चित्रावर टिचक्या मारत बसला. घोडा काही आला नाही.

त्या मुलाची चूक समजण्याजोगी आहे. 2012 मध्ये मिस्ट्स ऑफ पंडारियाच्या आधी आलेल्या 5.0.4 या आवृत्तीपासून माउंटांचा संग्रह संपूर्ण खात्यासाठी एकच झाला. त्याआधी प्रत्येक पात्राचे माउंट वेगळे असत. त्या बदलामुळे "एकदा मिळाले की सगळ्यांचे" अशी समजूत पक्की झाली, आणि बहुसंख्य माउंटांच्या बाबतीत ती बरोबरही आहे. राखीव माउंट मात्र खात्यावर नोंदले गेले तरी त्याच्या क्लासच्या पात्राखेरीज कोणालाही हाक मारून बोलावता येत नाही. नोंद होणे आणि स्वारी करता येणे हे वेगवेगळे असते. राखीव माउंट घ्यायला निघण्याआधी प्रत्येकाने एवढी एक गोष्ट मनाशी घट्ट धरावी, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हा फरक समजावायला हापूस आणि घोळ पुरेसे आहेत. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते. बाहेरच्या आंब्याला ते नाव लावता येत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यात हापूस दुर्मीळ होतो का? वाशीच्या बाजारात त्याच्या पेट्यांच्या राशी लागलेल्या असतात. त्याचे नाव राखीव आहे, पुरवठा मात्र भरपूर आहे. घोळ मासा याच्या उलट. तो कोणाच्याही जाळ्यात येऊ शकतो, रापणीच्या किंवा ट्रॉलरच्या, कोणाचीही मक्तेदारी नाही. पण मोठा नर घोळ मिळाला तर त्याच्या बोतासाठी (पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी) व्यापारी हजारो रुपये मोजतात, आणि तो कधी मिळेल हे कोणी सांगू शकत नाही. हापूस लावणाऱ्याने कलम लावले, वर्षानुवर्षे राखले, फळ धरले, की त्याच्या मेहनतीचा शेवट त्याला दिसतो. घोळाच्या आशेने रोज होडी बाहेर काढणाऱ्याला तो दिसत नाही.

म्हणूनच "वेळ घालवावा का" या प्रश्नाचा निकाल या फरकावर अवलंबून आहे. राखीव माउंटासाठी लागणारे काम मोजता येते. दुर्मीळ माउंटासाठी लागणारे काम मोजताच येत नाही. रिव्हेंडेअरच्या फेऱ्या मारणाऱ्यांचा एक लाडका समज असा असतो की ऐंशी-नव्वद फेऱ्या झाल्या, म्हणजे आता घोडा जवळ आला. शक्यता शंभरात एक धरली, तर 69 फेऱ्यांनंतर निम्म्या लोकांना घोडा मिळालेला असतो, 100 फेऱ्यांनंतर शंभरातले 37 जण रिकाम्या हाताने बसलेले असतात, आणि 200 फेऱ्यांनंतरही 13 जणांकडे तो नसतो. एक्याऐंशीवी फेरी पहिल्या फेरीइतकीच कोरी असते. आधीच्या ऐंशी फेऱ्या कुठेही साठत नाहीत.

हे साठणे-न साठणे कोकणात राहणाऱ्याला फार जवळून कळते. जून-जुलैत माड किंवा फणसाची फांदी तारेवर पडली की आमच्या वाडीतली वीज दुपारी जाते ती कधी रात्री उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी येते. इंटरनेटची तार तर त्याहून नाजूक. बहुतेक राखीव माउंट ऑर्डर हॉलच्या, म्हणजे क्लासच्या स्वतःच्या तळाच्या, मोहिमेतून मिळतात; अशा दिवसांत त्या मोहिमेचा अर्धा भाग झाला असेल, तर वीज आल्यावर तो अर्धा भाग जसाच्या तसा उभा असतो. जी क्वेस्ट (कथेतली कामगिरी) पुरी झाली ती पुरी झाली. दुर्मीळ माउंटाच्या फेऱ्यांना असा आधार नाही. मिळाले तर सगळे, न मिळाले तर काहीच नाही. तुटक-तुटक वेळ मिळणाऱ्या माणसाने राखीव माउंटाच्या वाटेला जावे आणि दुर्मीळ माउंट नशिबावर सोडावे, असे माझे ठाम मत आहे.

आता राखीव माउंटांची किंमत ज्या काळात खरोखर मोठी होती, त्याबद्दल. 2004 साली खेळ सुरू झाला तेव्हा साठाव्या पातळीवर वेगवान घोडा घ्यायचा तर जवळपास 1000 गोल्ड (खेळातले चलन) लागत, आणि त्या काळी एवढे गोल्ड जमवणे म्हणजे महिन्यांचे काम होते. पॅलाडिन आणि वॉरलॉक या दोन क्लासना मात्र चाळिसाव्या पातळीवर पहिला घोडा विनाखर्च मिळे, आणि 2005 पासून साठाव्या पातळीवर चार्जर किंवा ड्रेडस्टीड हे वेगवान घोडे स्वतःच्या लांबलचक क्वेस्टमधून कमावता येई. ड्रेडस्टीडसाठी डायर मॉल या डंजनच्या पश्चिम भागात घंटा, चक्र आणि मेणबत्ती या तिन्हींसह विधी करावा लागे. त्या वस्तूंनाही चांगलेच गोल्ड पडे, तरीही ते 1000 पेक्षा कमीच. म्हणजे त्या दिवसांत राखीव माउंट मिळवणे हा पैशांचा व्यवहार होता, आणि तो फायद्याचा होता. ज्येष्ठ खेळाडूंच्या तोंडी "क्लासचा घोडा सोडू नये" हे वाक्य त्या काळातून आले आहे. ते तेव्हा खरे होते. आज साध्या माउंटाला लागणारे गोल्ड कोणालाही सहज मिळते, त्यामुळे ते जुने कारण उरलेले नाही, आणि जुने वाक्य मात्र तसेच चालू आहे.

राखीव माउंट अधिक वेगाने धावते हा गैरसमज एका वाक्यात मिटतो: आज वेग पात्राने शिकलेल्या स्वारीच्या कौशल्यावर ठरतो, माउंटावर नाही.

आजची बहुतेक राखीव माउंट लिजन या 2016 सालच्या विस्तारातली आहेत. मार्च 2017 मध्ये 7.2 ही आवृत्ती आली आणि तेव्हाच्या बाराही क्लासना आपापले माउंट मिळाले. त्यासाठी क्लासच्या ऑर्डर हॉलची कथा आणि ब्रोकन शोअर या प्रदेशातली मोहीम पुरी करावी लागे. ती मोहीम तेव्हा आठवड्या-आठवड्याने उघडत असे, त्यामुळे माणसे खोळंबून राहत. आज तसे खोळंबणे नाही. 2022 साली आलेल्या इव्होकर या तेराव्या क्लाससाठी मात्र असे माउंट नाही, म्हणून इव्होकर खेळणाऱ्यांनी ते शोधत बसू नये.

आणखी एक समज मोडायला हवा, तो म्हणजे राखीव माउंट कधीतरी काढून घेतले जाईल, म्हणून घाईने मिळवावे. खेळातून काढून टाकलेल्या गोष्टी आहेत, हे खरे. झुल'गुरुबचा वेगवान वाघ 2010 मध्ये ते जुने रेडच (मोठ्या गटाने लढायचे ठिकाण) बंद झाल्यावर आपल्या नेहमीच्या वाटेने मिळेनासा झाला, आणि 2018 मध्ये लिजन संपताना मेज टॉवर या आव्हानातून मिळणारी मूळ शस्त्ररूपेही गेली. त्या घाईत बऱ्याच जणांना वाटले की क्लासचे माउंटही जाईल. ते गेले नाही. राखीव, दुर्मीळ आणि बंद झालेले हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्यांचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून कोणीतरी झोप मोडून खेळत असतो.

मग घ्यावे का? जो क्लास तुम्ही रोज खेळता, ज्याच्या नावाने मंडळी तुम्हाला ओळखतात, त्याचे राखीव माउंट अवश्य घ्यावे, आणि निवांतपणे, कथा वाचत घ्यावे. त्या माउंटाचे मोल त्या कथेत आहे. मंक क्लासचा वाघ बान-लू याचे उदाहरण सर्वांत चांगले: तो चालता-चालता स्वाराशी बोलतो, आणि मोहिमेत त्याच्याबरोबर काढलेल्या वेळामुळे ते बोलणे ओळखीच्या माणसाचे वाटते. पाऊस कौलांवर कोसळत असताना हेडफोन लावून मी पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला, तेव्हा मी माउंट थांबवून पूर्ण वाक्य ऐकले होते. हाच वाघ दुसऱ्या क्लासच्या पात्राला दिला असता तर तो नुसता देखणा वाघ झाला असता. मात्र केवळ माउंटासाठी नवा क्लास सुरू करू नये, आणि बाराही माउंट जमवण्याच्या मागे तर मुळीच लागू नये. जे पात्र तुम्ही पुन्हा उघडणार नाही, त्याच्याखेरीज कोणालाही ते माउंट बोलावता येणार नाही.

भाच्याच्या मित्राला मी हेच सांगितले. त्याच्या प्रीस्टसाठी स्वतंत्र राखीव माउंट आहे, आणि स्पेशलायझेशन (क्लासमधली निवडलेली शाखा) बदलले की त्या माउंटाचा रंग बदलतो, हे त्याला ठाऊकच नव्हते. वर्षभर खेळलेल्या पात्राची ऑर्डर हॉलची कथा त्याने चौथ्या की पाचव्या क्वेस्टवर सोडून दिली होती. गणपतीच्या सुट्टीत तो ती तिथूनच पुढे नेणार आहे.