लिबेल्लस : बळी दिल्याचा दाखला

देवतांना बळी अर्पण केल्याबद्दल रोमन साम्राज्यातील रहिवाशांना इ. स. २५० मध्ये सम्राट डीशियसच्या आज्ञेवरून जो लेखी दाखला घ्यावा लागला, त्याला लिबेल्लस म्हणतात. ख्रिस्ती श्रद्धेला असा बळी मंजूर नव्हता, आणि त्याआधीही ख्रिस्ती लोकांचा छळ झाला होता. पण या वेळी सवाल मूठभर पुढाऱ्यांना नव्हे, घराघराला विचारला गेला. विश्वासात ठाम राहायचे म्हणजे नेमके कुठे थांबायचे, आणि तडजोड कुठल्या पायरीवर सुरू होते, याचा निवाडा मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, त्या एका वर्षात करावा लागला.

इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानातील एक रोमन प्रांत) येथील सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला कळवले होते की, संशयितांना आपण सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व द्राक्षारस अर्पण करायला आणि ख्रिस्ताची निंदा करायला लावतो. खऱ्या ख्रिस्ती माणसाकडून हे करून घेता येत नाही, असे आपण ऐकले आहे. तेव्हापासून कसोटीची ही पद्धत रुळली. मात्र कारवाई तक्रार आली तरच आणि एखाद्या शहरापुरतीच होई. डीशियस २४९ मध्ये फिलिप या सम्राटाचा पराभव करून गादीवर आला. डॅन्यूब नदीच्या सीमेवर गॉथ टोळ्यांचा जोर होता आणि सत्तांतरे वारंवार होत होती. देव कोपले आहेत, तेव्हा सगळ्या प्रजेने मिळून त्यांना संतुष्ट करावे, अशी त्याची धारणा दिसते.

मूळ आज्ञेचा मजकूर आज उपलब्ध नाही. तिची अंमलबजावणी कळते ती इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवरच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावरच्या) दाखल्यांवरून. यातला पहिला १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आता असे चाळीसहून अधिक दाखले ज्ञात आहेत. बहुतेक फायूम भागातले, त्यातही थिआडेल्फिया या एकाच गावचे पुष्कळ आहेत. एक दाखला अलेक्झांडर बेट नावाच्या गावातील ऑरेलियस डायोजेनिस याचा आहे. सताबूसचा मुलगा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण, अशी त्याची ओळख दिली आहे. आपण देवांना नेहमीच बळी देत आलो, आताही आज्ञेप्रमाणे तुमच्यासमोर बळी दिला, पेय ओतले आणि बळीचे मांस चाखले, तरी खाली तसे नमूद करावे, असा त्याचा अर्ज आहे. त्याखाली साक्षीदार अधिकाऱ्याची सही आणि २६ जून २५० ही तारीख आहे. मजकूर ठरावीक, फक्त नाव-गाव बदलायचे. तहसील कचेरीतल्या छापील अर्जासारखाच हा प्रकार. दाखल्यांवरची बहुतेक नावे ऑरेलियस किंवा ऑरेलिया अशी सुरू होतात, कारण २१२ मध्ये सम्राट कॅराकलाने जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमचे नागरिकत्व दिले आणि त्याबरोबर त्याचे कुलनामही त्यांना लागले. बळी देण्याचा हुकूम तर सर्वांनाच लागू होता. मगर-देव पेटेसूखॉस याच्या एका पुजारिणीलाही असा दाखला घ्यावा लागला.

या आज्ञेचा खरा धोका तिच्या सौम्यपणात होता. या दाखल्यांत ख्रिस्ताचा उल्लेखसुद्धा नाही. मनात काय मानता, हे त्यात कुणी विचारत नाही. चिमूटभर धूप, घोटभर द्राक्षारस, मांसाचा एक तुकडा, एवढे केले की माणूस घरी जायला मोकळा. ज्याला पळवाट हवी त्याला ‘मी ख्रिस्त नाकारला कुठे?’ असे स्वतःला सांगता येत होते. मंडळीने ही पळवाट मानली नाही. जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले (१०:३३) प्रभूचे शब्द तिच्यापुढे होते, आणि वेदीपाशी केलेली कृती हीच कबुली किंवा नकार ठरत होती. मंडळीचा हा निर्णय अत्यंत कठोर होता, आणि तो योग्यच होता असे म्हणावे लागते.

प्रत्यक्षात पडझड मोठी झाली. रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजी मरण पावला. जेरुसलेमचा अलेक्झांडर आणि अँटिऑकचा बबिलास तुरुंगात गेले ते परतले नाहीत. वृद्ध पंडित ऑरिजेनचे पाय खोड्यात ताणून त्याचे हाल करण्यात आले. तो सुटला, पण पुढे फार जगला नाही. सामान्य लोकांचे काय झाले ते अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने पत्रात लिहून ठेवले आहे. सर्वांत आधी गेले ते प्रतिष्ठित आणि सरकारी नोकरीतले. काही जण पांढरेफटक पडून वेदीकडे सरकत होते. बळी आपलाच द्यायचा आहे असे त्यांचे चेहरे पाहून गर्दी हसत होती, कारण त्यांना मरणाचेही भय होते आणि बळी देण्याचेही. काही मात्र आपण कधी ख्रिस्ती नव्हतोच असे सांगत धावत पुढे गेले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्येही तेच. संध्याकाळ झाली, उद्या या, असे अधिकारी म्हणत असताना लोक आजच उरकून घ्या म्हणून विनवत होते, असे तिथला बिशप सिप्रियन लिहितो.

याच काळातला पिऑनियस हा स्मर्ना (आजच्या तुर्कस्तानातील इझ्मिर) शहरातल्या मंडळीचा वडील, म्हणजे धर्मगुरू. २३ फेब्रुवारीला, हुतात्मा पॉलिकार्पच्या स्मृतिदिनी, आपल्याला पकडायला येणार हे ओळखून त्याने स्वतःच्या आणि सबीना व अस्क्लेपियाडीस या सोबत्यांच्या गळ्यात विणलेले दोर अडकवले. आपण बळीचे मांस खायला निघालेलो नाही, हे रस्त्यातल्या लोकांना दिसावे म्हणून. सबीना गुलाम होती. विश्वास सोडत नाही म्हणून मालकिणीने तिला पूर्वी बांधून डोंगरात टाकून दिले होते. चौकात पिऑनियसवर दबाव आला तो शिव्यांचा नव्हे, मायेचा. तुझ्यासारख्या सज्जनाने जगायला हवे, जगणे आणि हा उजेड पाहणे किती छान आहे, असे लोक त्याला कळवळून सांगत होते. जगणे चांगलेच, पण आम्हाला ओढ आहे ती त्याहून चांगल्या जीवनाची. देवाच्या या देणग्यांचा तिरस्कार म्हणून आम्ही त्या सोडत नाही, असे त्याने उत्तर दिले. देवळाचा अधिकारी पोलेमॉन एकेक पायरी खाली उतरत गेला: देवांना नको तर निदान सम्राटाला बळी दे. पिऑनियसने तेही नाकारले. पुढे आणखी जड घाव बसला. त्याच्याच मंडळीचा पुढारी युक्टेमॉन याने बळी दिला होता. स्वतः कोकरू घेऊन नेमेसिस देवीच्या देवळात गेला, तिथे खाल्ले आणि उरलेले भाजलेले मांस घरी न्यायला निघाला. ‘तुमच्या मोठ्याने दिला, मग तुम्हाला काय होते?’ हा युक्तिवाद परक्याच्या धमकीपेक्षा माणसाला अधिक पोखरतो. पिऑनियसला ओढत देवळात नेले तेव्हा त्याने जमिनीवर अंग टाकले. शेवटी प्रांताधिकारी क्विंटिलियनने विचारले, मरणाकडे धावतोस का? मरणाकडे नव्हे, जीवनाकडे, असे तो म्हणाला. १२ मार्च रोजी त्याला जाळण्यात आले.

बळी देणारे आणि हुतात्मे यांच्या मधला एक मोठा गट होता. हातात पैसे सरकवून, प्रत्यक्ष बळी न देता केवळ दाखला मिळवणाऱ्यांचा. रोममधली एक स्त्री कॅपिटोलवरील देवळाच्या वाटेने निघून तीन नियती-देवतांच्या मूर्तींपर्यंत गेली आणि लाच देऊन तिथूनच परत फिरली. अशा लोकांचे म्हणणे सिप्रियनने नोंदवले आहे: मी ख्रिस्ती आहे, मला हे करता येत नाही, असे आम्ही अधिकाऱ्याला सांगितलेच होते, पैसे दिले ते पाप टाळायला. सिप्रियनने त्यांना दोषी ठरवले, कारण दाखल्यावर ‘बळी दिला’ असे लिहिलेले होते आणि ते त्यांनी आपले म्हणून स्वीकारले होते. तरी वेदीपाशी धावत गेलेला आणि घरादाराला वाचवायला दाखला विकत घेणारा यांना एकाच मापाने मोजायला त्याने नकार दिला.

२५१ च्या जूनमध्ये डीशियस गॉथांशी लढताना अब्रिट्टस येथे मारला गेला. छळ त्याआधीच ओसरला होता आणि पडलेले, म्हणजे बळी देऊन किंवा दाखला घेऊन विश्वासातून ढळलेले, लोक परत येऊ लागले होते. कार्थेजमध्ये तुरुंगवास भोगलेल्या काही विश्वासवीरांनी ‘अमक्याला कुटुंबासह घ्या’ अशा चिठ्ठ्या सर्रास वाटायला सुरुवात केली. स्वतः लपून राहिल्याबद्दल सिप्रियनवर टीका होत होती, त्यामुळे त्याला या वीरांना रोखणे अवघड होते. तरी तो रोखत राहिला. २५१ च्या वसंतातल्या कार्थेजच्या परिषदेने प्रत्येकाची चौकशी करून दाखला विकत घेतलेल्यांना सामावून घेतले. बळी दिलेल्यांसाठी दीर्घ पश्चात्ताप ठरवला, मृत्युशय्येवर मात्र क्षमा. नव्या छळाची चाहूल लागताच पश्चात्ताप करणाऱ्या सर्वांना परत घेण्यात आले. ज्यांना उद्या पुन्हा उभे राहायचे आहे त्यांना प्रभुभोजनाविना रणात पाठवायचे कसे, असे सिप्रियनचे म्हणणे होते. रोममध्ये मात्र नोव्हेशियन या धर्मगुरूने २५१ मध्येच पडलेल्यांना परत घेणे अमान्य केले होते, बिशप कॉर्नेलियसविरुद्ध स्वतंत्र गादी उभी केली होती, आणि त्याचे अनुयायी पुढे काही शतके वेगळे राहिले. सौम्य मानला गेलेला सिप्रियन पुढच्या छळात पळाला नाही. सम्राट व्हॅलेरियनच्या राजवटीत बळी द्यायला नकार देऊन १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याने कार्थेजजवळ तलवारीखाली मान दिली.

३०३ मध्ये डायोक्लिशियनच्या काळात पवित्र ग्रंथ सरकारजमा करण्याची मागणी झाली, तेव्हा ते ग्रंथ देऊन टाकणाऱ्यांना मंडळीत काय स्थान, असा तसलाच वाद उत्तर आफ्रिकेत डोनाटसच्या अनुयायांच्या रूपाने पुन्हा पेटला. नाइसियाच्या परिषदेने (३२५) नोव्हेशियन पंथाच्या धर्मगुरूंना परत घेण्याचे नियम केले. पडून पुन्हा मंडळीत आलेल्यांशी संगत ठेवण्याचे लेखी मान्य करावे, अशी अट त्यांना घातली गेली.