वेगाचं चलन चुकीचं वाटतंय? पैसे भरण्याआधी फोटो उघडा

मोबाईलवर मेसेज येतो, वेगमर्यादा ओलांडली म्हणून चलन झालंय. बरेच जण वैतागून तिथल्या तिथे पैसे भरतात आणि मग आमच्याकडे, म्हणजे चलनाच्या तक्रारीत मदत करणाऱ्यांकडे येतात. तेव्हा आमचेही हात बांधलेले असतात. दंड भरला की कायद्याच्या लेखी तडजोड झाली, प्रकरण मिटलं. म्हणून आधी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर चलन उघडा आणि फोटो मोठा करून नीट बघा.

आमच्या एका ग्राहकाच्या पांढऱ्या पिकअपला द्रुतगती मार्गावरचं चलन आलं. त्यांचं म्हणणं एकच, ‘मी त्या दिवशी तिकडे फिरकलोच नाही.’ फोटो मोठा केला तेव्हा दिसलं, नंबरप्लेटचा बोल्ट नेमका शेवटच्या 3 वर बसला होता आणि चलनात त्याचा 8 झाला होता. फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये त्याच सुमारास यांची गाडी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर होती. तक्रारीला ही दोन कागदं पुरली.

अशी चूक लढण्यासारखी असते, कारण ती गाडीच्या ओळखीवर बोट ठेवते. दुसरी तशीच चूक वेगाच्या आकड्यातली. स्पीड गनच्या (वेग मोजणाऱ्या यंत्राच्या) फोटोत दोन गाड्या शेजारी-शेजारी असतील, तर वेग कोणाचा मोजला हे विचारायलाच हवं. कारला मालवाहू गाडीची मर्यादा लावली गेली का, हेही बघा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाट पट्ट्यात कारला ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे, घाटात बरीच कमी. त्यामुळे चलनावरचं ठिकाण चुकलं तर सगळा हिशेबच बदलतो.

कायदाही इथे तुमच्या बाजूने बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार, एकट्या साक्षीदाराला गाडी वेगात वाटली, एवढ्यावर शिक्षा होत नाही. त्या अंदाजामागे यंत्राचं मोजमाप लागतं. 2021 मध्ये आलेल्या, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 167अ प्रमाणे कॅमेरा किंवा स्पीड गनला मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. नोटिशीत नंबर दिसणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम असायला हवं. शिवाय 1 जुलै 2025 पासून वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांची वैधमापन (वजन-मापे तपासणाऱ्या) विभागाकडून पडताळणी आणि मुद्रांकन बंधनकारक आहे. हे कागद मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच करू नका.

मात्र प्रत्येक चूक कामाची नसते. नावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ, गाडीचा रंग ‘ग्रे’ऐवजी ‘सिल्व्हर’, एवढ्यावरून चलन रद्द होईल अशी आशा आम्ही कोणाला दाखवत नाही. फोटो तुमचाच, ठिकाण बरोबर, आकडा बरोबर, तर दंड भरून टाका. अशा प्रकरणात आम्ही फी घेत नाही.

तक्रार ॲपवरच करता येते. दोन-चार वाक्यांत लिहा, राग काढू नका, पुरावा जोडा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. तक्रार फेटाळली तर न्यायालयात गुन्हा नाकबूल करून बाजू मांडता येते. लोकअदालतीची नोटीस आली तर एक गोष्ट लक्षात घ्या: तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते. दंड मान्य असेल तर ती जागा सोयीची. गाडीच तुमची नसेल तर तिथे तडजोड कशाला करायची?

आमच्याकडे येताना आरसी, चलनाची प्रत, त्या दिवसाचं फास्टॅग स्टेटमेंट आणि डॅशकॅम (गाडीतला रस्ता टिपणारा कॅमेरा) असेल तर त्याचं रेकॉर्डिंग आणा. डॅशकॅमचं कार्ड भरलं की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, तेव्हा मेसेज आला त्याच दिवशी ते कार्ड काढून ठेवा.